अर्ध्या शिक्क्याचा मामा

हे मी लिहिणारच नव्हते. लिहायला घेतलं, पुसलं, मोबाइल उशीखाली सारला, परत काढला. शेवटी मामालाच विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्यावर काय लिहितेस? मी काय मेलोय का?" मी म्हटलं, जिवंत माणसांवरपण लिहितात मामा. तर म्हणे, "मग त्यांच्यावरही लिही. नुसता मेंढा उठला तर कागद बाद."

आता हे मेंढा-बिंढा काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी काय बरळतेय.

आमच्या प्रांताचं चिन्ह आमच्याकडच्या प्रत्येकाने बघितलेलं असतं. जन्मदाखला, शाळेचा दाखला, घराचे कागद, सगळीकडे असतं, त्यामुळे नीट कोणीच बघत नाही. ढालीच्या डाव्या बाजूला मेंढा, उजव्या बाजूला मासा, मधून नागमोडी नदी. आणि खाली एक पट्टी, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. लहानपणी मला वाटायचं अक्षरं झिजून गेली असतील. झिजली-बिजली काही नाहीत, कधी लिहिलीच नव्हती!

म्हणजे झालं असं, की फार पूर्वी नदीचे दोन काठ म्हणजे दोन वेगळी राज्यंच होती. वरच्या काठाला टेकड्या, मेंढ्या, लोकर. खालच्या काठाला होड्या आणि जाळी. आणि दोघांचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य. मग कधीतरी हुकूम आला की आजपासून तुम्ही एक प्रांत. झालं! चिन्ह कशाचं? वरचे म्हणाले मेंढा, खालचे म्हणाले मासा. शेवटी एका कारागिराला बोलावून दोन्ही कोरून घेतलं, मध्ये नदी घातली. खालच्या पट्टीवर एकीबद्दल एखादं छान वाक्य घालायचं ठरलं, तर त्या वाक्यावरूनच इतकी जुंपली की पट्टी कोरीच राहिली. कारागीर खालच्या काठाचा होता, म्हणून मेंढा जरासा कुत्र्यासारखा दिसतो आणि माशाला चक्क पापण्या आहेत. वरचे लोक अजून म्हणतात, मुद्दाम केलं मेल्याने.

बरं, शिक्का झाला तयार, पण ठेवायचा कोणाकडे? वरच्यांकडे ठेवला तर खालच्यांची झोप उडणार आणि खालच्यांकडे ठेवला तर वरच्यांची. तेव्हा कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कापा. नदीच्या रेषेवरून, नागमोडी, शिक्क्याचे सरळ दोन तुकडे करा. मेंढ्याचा तुकडा वरच्या काठाच्या माणसाकडे, माशाचा खालच्या काठाच्या माणसाकडे. दोन्ही तुकडे यंत्रात जुळवून एकदम दाबले तरच कागद खरा. कारागिराने स्वतःच करवतीने कापला म्हणे, आणि कापताना रडला म्हणे. त्याचं मला पटतं.

आणि ही पद्धत अगदी परवापरवापर्यंत चालू होती. माझा मामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, वरच्या काठाचा. मामाकडे मेंढा.

मामाचं काम कुठे चालायचं ती खोली मी एकदा बघितलीय, लहान असताना. कचेरीच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली, खिडकी नाही. मधोमध ते दाबयंत्र, त्याला दोन बाजूंना दोन दांडे. समोरासमोरच्या भिंतींना दोन लोखंडी कपाटं, एकाची चावी मामाकडे, दुसऱ्याची पलीकडच्यांकडे, म्हणजे माशाच्या राखणदाराकडे. तुकडे जाड लोकरी कापडात गुंडाळलेले, वरवंट्याएवढे जड. कागद आधी ओल्या फडक्याने जरासा नरम करायचा, मग दोघांनी आपापला दांडा धरायचा आणि एकदम दाबायचा. एकाने जास्त जोर लावला की नदीपाशी कागद फाटायचा. आता मामा म्हणजे सुकडा बोंबील, आणि ते पलीकडचे म्हणजे धिप्पाड, दारात आडवे उभे राहिले तर दार लावायची गरज नाही! म्हणून मामा सगळं अंग टाकून दाबायचा आणि ते नुसत्या मनगटाने. दोघांचा जोर असा काही जुळला होता की शेवटच्या काही वर्षांत एक कागद फाटला नाही.

शाई नाही काही नाही. कागदावर नुसता उठाव. डोळे मिटून बोट फिरवलं तरी मेंढा कुठे आणि मासा कुठे कळतं.

"पलीकडचे" हे मामाचं त्यांच्यासाठीचं नाव. नदीच्या पलीकडचे म्हणून. गंमत म्हणजे तेही मामाला पलीकडचेच म्हणायचे. "अहो पलीकडचे, दांडा धरा." "धरलाय हो पलीकडचे, तुम्ही कपाट उघडा." असं सगळं आयुष्य.

आणि आता तो नियम सांगते, कारण सगळं त्याच्यापाशी अडलंय.

फार पूर्वीचे दोन राखणदार होते, ते एकमेकांच्या घरी जायला-यायला लागले. मग जेवणखाण सुरू झालं, मग एकाची पोरगी दुसऱ्याची सून झाली. आणि या व्याह्या-व्याह्यांनी मिळून नदीकाठची चांगली चांगली जमीन आपल्या नावावर शिक्का मारून घेतली! त्यानंतर नियम आला. मेंढ्याने माशाच्या घरी जायचं नाही, माशाने मेंढ्याच्या घरी यायचं नाही. एकमेकांच्या डब्यातलं खायचं नाही. कुठे लिहिलेला नाही बरं का हा नियम. जुना राखणदार नव्याला पहिल्या दिवशी तोंडी सांगायचा, बस.

मामाने तो पाळला. म्हणजे कसा पाळला, तर एकाच टेबलावर रोज समोरासमोर डबे उघडायचे आणि एकाने दुसऱ्याला साधी मिठाची चिमूट दिली नाही. पलीकडच्यांची आई गेली तेव्हा मामा पूल ओलांडून गेला आणि त्यांच्या घरासमोर रस्त्यावर उभा राहिला, सबंध दुपार. आत गेला नाही. रस्ता म्हणजे घर नाही, असं त्याचं म्हणणं. ते एकदा दारात आले, दोघांनी एकमेकांकडे बघितलं, ते आत गेले. मी विचारलं, "फोन तरी करायचास ना मामा?" तर म्हणाला, "आवाज घरात गेला म्हणजे मीच गेलो की."

आणि मामाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा पलीकडचे रोज दवाखान्यात यायचे, खुर्ची ओढून बसायचे, रात्री नर्स हाकलेपर्यंत. कारण दवाखाना म्हणजेही घर नाही! मामा अजून म्हणतो, ते दिवस फार मजेत गेले. आतडं कापलेलं माणूस हे बोलतंय.

मामाने लग्न केलं नाही. का नाही केलं ते आईला माहीत असेल, मला कोणी सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावरचं एका खोलीचं घर, शेजारी बदलत राहतात. सांगायचं काय, तर रोज त्याच्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्याही घरी जायची बंदी.

मग शिक्का बंद झाला. आता कागद संगणकातून निघतो, त्यावर चिन्ह छापूनच येतं. दोन्ही तुकडे वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत गेले. मामा बघायला गेला होता, तर पहारेकरी म्हणाला, "काका, काचेला टेकू नका." मामा परत गेला नाही.

मी कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले ते त्यानंतर. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून. आणि मला कळेचना की हा माणूस रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून खुर्चीत का बसतो. कुठेच जायचं नसतं! दुपारी डबा उघडतो, हो, घरातच, डब्यात भरून ठेवलेलं खातो. मी एकदा म्हटलं, ताटात वाढून घे की. तर म्हणे, "गार बरं लागतं."

परवा बाजारात कचेरीतला जुना शिपाई भेटला. मामाला बघून लांबूनच ओरडला, "काय मेंढेसाहेब! कळलं का? तुमचा मासा निघाला."

"कुठे निघाला?" मामा.

"पोरीकडे. लांब. डोळे गेल्यात जमा आहेत ना आता, एकटं कसं राहणार माणूस? घर विकलं. रविवारी सामान हलतंय."

"बरं झालं," मामा म्हणाला. "एकट्याने राहू नये." आणि मेथी परत ठेवून बटाटे घेतले, जे घरात होतेच.

त्या संध्याकाळी दूध उतू गेलं, मामा समोर उभा असताना. मला एवढं रडू आलं ना. मी म्हटलं, "मामा, जा ना भेटून. रविवारनंतर ते परत येणार नाहीत."

"घरी जाता येत नाही."

"अरे शिक्का बंद झाला! नियम कशाला?"

"शिक्का बंद झाल्याचं पत्र आलं. नियम संपला असं कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सांगणारे तुम्ही दोघंच उरलात!"

"मग दोघांनी मिळून ठरवायला हवं. मी एकटा कोण?"

घ्या! ठरवायला भेटायला पाहिजे, आणि भेटायला ठरवायला पाहिजे. मी उशी भिरकावली. त्याने उचलून जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी लेक्चरला निघाले आणि कुठल्या झटक्यात कोण जाणे, पुलावरच पोचले. पलीकडच्या काठाला मी कधी फारशी गेलेले नाही. विचारत विचारत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानाशेजारची गल्ली, तळमजला, दार उघडंच, आत खोकी. एक ताई खोक्याला चिकटपट्टी लावत होती, ती त्यांची मुलगी. आणि कोपऱ्यात सोफ्यावर एक माणूस. धिप्पाड कसला, कपडे नुसते अंगावर टांगलेले.

"कोण आलंय?" ते म्हणाले. डोळे माझ्या बाजूला, पण माझ्यावर नाही.

"काका, मी मेंढ्याची भाची."

ते हसायलाच लागले. "मेंढ्याची भाची! इकडे ये बघू. शिंगं फुटली का तुला?"

"अजून नाही."

"फुटतील. मामावर गेलीस तर फुटतीलच." मग हळूच म्हणाले, "त्यांनी पाठवलं?"

खोटं बोलायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही बोलता आलं. "नाही. त्यांना माहीतपण नाही."

"बरोबर आहे. ते पाठवणार नाहीत." मग म्हणाले, "ते आले तर बरं होईल, असं मी म्हणालो म्हणून सांगू नकोस हं."

"मग काय सांगू?"

"काही सांगू नकोस. आलीस हेच चुकलंय, भाची म्हणजे घरचंच माणूस. अर्धा नियम मोडलास तू."

ताई चिकटपट्टी दाताने तोडत म्हणाली, "हे दोघं ना! माझ्या लग्नात मामा तुझे हॉलवर आले होते, आहेर देता येत नाही म्हणून खुर्च्या लावत होते. घरी मात्र कधी पाऊल नाही. आईने किती म्हटलं, एक कप चहा तरी पाजू द्या. नाही म्हणजे नाही."

घरी येऊन मी मामाला सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मामा रागावला. म्हणजे तो रागावतो तसा, पेपर उलटा सुलटा घडी करत. मग म्हणाला, "खिडकी बघितलीस?"

"कसली खिडकी?"

"त्यांची. तिच्यातून समोरची गच्ची दिसते. गच्चीवर कबुतरं पाळलेली आहेत."

"नाही रे, लक्षच नाही गेलं."

"घरात गेलीस आणि खिडकी नाही बघितलीस!" इतका चिडला की मी घाबरलेच. मग कळलं. पलीकडचे रोज कामावर आले की आधी कबुतरांची बातमी सांगायचे. पांढरी काल परतली नाही. करड्याने अंड्यावर बसायचं सोडलं. आज पांढरी आली, पायाला दोरा घेऊन. बिनखिडकीच्या त्या खोलीत मामाने वर्षानुवर्षं ती कबुतरं ऐकली होती. एकही बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी उठले तर मामा बूट घालून तयार. मी म्हटलं, "कुठे?" म्हणाला, "रस्त्यावर. रस्ता म्हणजे घर नाही." मी चपला सुद्धा धड न घालता त्याच्या मागे धावले.

गल्लीत टेम्पो उभा होता. दोन हमाल सामान काढत होते. मामा समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून. ताईने बघितलं आणि आत ओरडली, "बाबा, पलीकडचे आलेत!"

ते भिंत धरत दारापर्यंत आले. "कुठे आहेत?"

"इथे," मामा म्हणाला. "रस्त्यावर."

"आत या."

"तुम्ही बाहेर या."

"मला दिसत नाही हो, मी कसा येऊ?"

"मला दिसतंय, पण मी कसा येऊ?"

दोघंही उभे. मागून हमाल सोफा घेऊन आले आणि त्यातला एक करवादला, "ओ आजोबा, आत की बाहेर काय ते ठरवा, हात तुटले आमचे!" पलीकडचे बाजूला झाले, सोफा बाहेर आला, टेम्पोत आधी कपाट चढवायचं होतं म्हणून हमालांनी तो रस्त्याच्या कडेला ठेवला.

मामा आला, त्यांचा हात धरला आणि सोफ्यावर बसवलं. आणि शेजारी बसला. भर रस्त्यात, येणारेजाणारे बघतायत, आणि हे दोघं सोफ्यावर!

मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. कसलं काय.

"बारीक झालात," मामा.

"तुम्हाला बरं वाटलं असेल. आता जोर जुळवायला नको."

"मेंढा आधी होता चिन्हात. मासा नंतर घातला."

"काय सांगता! होडीच्या शिडावर मासा होता तेव्हा तुमचा मेंढा टेकडीवर चरत होता."

"मेंढा चरेल नाहीतर काय पोहेल? आणि माशाला पापण्या कशा हो?"

"लाजतो तो. तुमचं कुत्रं बघून."

असं चालू होतं, अगदी भांडणासारखं, आणि मामाचा हात त्यांच्या हातावर तसाच होता. ताई दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि हमालांवर ओरडत होती, दोन्ही एकदम.

मग हमाल आले. "उठा आजोबा, सोफा राहिलाय फक्त." दोघं उठले. सोफा गेला. ताईने घरात एक चक्कर मारली आणि चावी नव्या मालकाच्या माणसाच्या हातात दिली. तो म्हणाला, काही राहिलंय का बघून घ्या एकदा.

तेव्हा पलीकडचे म्हणाले, "आता या आत. आता कुठे माझं घर आहे हे?"

मामाने थोडा विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग बूट काढले. रिकाम्या घराला बूट काढून आत गेला माझा मामा.

भिंतींवर फोटोंच्या चौकोनी खुणा होत्या, जमिनीवर कपाटाच्या पायांच्या. आमचे आवाज घुमत होते. पलीकडचे हाताने दाखवत होते. इथे आई बसायची. इथे जेवायचो. इथे हिचा पाळणा होता. मामा प्रत्येक रिकाम्या जागेकडे बघून मान हलवत होता, आणि त्यांना ती मान दिसत नव्हती. मग खिडकी. मामा गजांना धरून उभा राहिला. समोरच्या गच्चीवर कबुतरं होती, बरीच.

"पांढरी कोणती?"

"ती कधीच गेली हो. एखादी असेल तिची नात-पणती. दिसते का एखादी?"

"दिसते," मामा म्हणाला. "टाकीवर बसलीय."

"पायाला दोरा आहे?"

"नाही. मोकळी आहे."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ताई म्हणाली, मामा, चहा पाजला असता हो, पण कपसुद्धा भरले. मामा म्हणाला, असू दे, असू दे. गाडी गल्लीतून वळेपर्यंत तो उभा होता आणि मग नंतरही.

पुलावरून परत येताना मी म्हटलं, "भेट झाली ना मामा, छान झालं ना?" तो हो म्हणाला. मग थोडं चालून म्हणाला, "चहाला एकदा जायला हवं होतं. वहिनी होत्या तेव्हा. नियम कोण बघत होतं?" आणि त्या दिवशी घरी आल्यावर त्याने डबा न उघडता ताट घेतलं, पण जेवला नाही.

ताईने फोन नंबर दिलाय. मामा अजून लावत नाही, काय बोलू म्हणतो. मी लावून देणार आहे, शिव्या खाईन, पण देणार आहे.

आणि तुम्ही. तुमच्याही डोक्यात आत्ता कोणीतरी आलंच असेल, ज्याच्याकडे जायचं राहिलंय. काहीतरी कारण असेलच, त्याने आधी बोलवावं, आपण कसं जायचं, वगैरे. मला ते कारण सांगू नका. घरात खुर्च्या आहेत तोवर जा. चहाचे कप खोक्यात जायच्या आत जा. या आठवड्यातच जा, प्लीज.